स्पर्शाविना विद्युत्‌दाबाचा शोध : गिल्बर्टच्या सुईपासून टेस्टरपर्यंत

प्रास्ताविक

घरातील वीज गेली आणि वायरमनला बोलावले की तो सर्वप्रथम खिशातून टेस्टर काढतो. पारदर्शक दांड्यात निऑनचा बारीक दिवा बसवलेला हा स्क्रू-ड्रायव्हर महाराष्ट्रातील घराघरांत परिचित आहे. अलीकडे त्याच्या जोडीला पेनाच्या आकाराचे आणखी एक उपकरण आले आहे. तारेच्या आवरणाजवळ त्याचे टोक नुसते नेले तरी ते आवाज करते व त्याचा लाल दिवा लागतो. तार सोलावी लागत नाही, धातूला स्पर्श करावा लागत नाही. या स्पर्शविरहित विद्युत्‌दाब-शोधकाकडे आधुनिक इलेक्ट्रॉनिकीची देणगी म्हणून पाहिले जाते आणि जुना टेस्टर, टेस्ट लॅम्प व मीटर ही त्याच्या तुलनेत मागासलेली साधने मानली जातात.

इतिहासाचा क्रम मात्र याच्या उलट आहे. विजेचे अस्तित्व स्पर्शाविना ओळखणे ही सर्वांत जुनी पद्धत होय. मधल्या काळात ती व्यवहारातून मागे पडली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या रूपात परतली. या प्रवासात एक गोष्ट सातत्याने दुर्लक्षित राहिलेली दिसते. 'येथे वीज आहे काय?' आणि 'येथे वीज नाही, हे निश्चित काय?' हे दोन प्रश्न वरवर एकच वाटले तरी ते भिन्न आहेत. पहिला प्रश्न प्रयोगशाळेतील संशोधकाचा, तर दुसरा खांबावर चढलेल्या लाइनमनचा. उपकरणे घडली ती बहुतांशी पहिल्या प्रश्नासाठी. वापरली मात्र गेली दुसऱ्यासाठी. ही विसंगती कशी निर्माण झाली आणि तिची किंमत कोणी मोजली, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

गिल्बर्टची सुई, कँटनच्या गोळ्या

इंग्लंडमधील वैद्य विल्यम गिल्बर्ट यांचा चुंबकत्वावरील 'दे मॅग्नेते' हा लॅटिन ग्रंथ १६०० साली लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी एका साध्या उपकरणाचे वर्णन केले आहे. होकायंत्राप्रमाणे टोकदार आधारावर तोलून धरलेली हलकी धातूची सुई, परंतु चुंबकित न केलेली. घासलेला अंबर, काच किंवा गंधक तिच्याजवळ आणले की सुई त्या दिशेस वळते. या सुईला गिल्बर्ट 'व्हर्सोरियम' म्हणत. केवळ अंबरच नव्हे, तर अन्य अनेक पदार्थही घर्षणाने आकर्षण करू लागतात हे त्यांनी या सुईच्या साहाय्याने दाखवले. सुई व पदार्थ यांचा स्पर्श होत नाही, हे येथे महत्त्वाचे. विजेचा पहिला ज्ञात शोधक हा असा स्पर्शविरहितच होता.

पुढील शतकात वीज वाहून नेता येते हे स्टीफन ग्रे यांनी १७२९ साली सिद्ध केले. १७३० साली त्यांनी रेशमी दोऱ्यांनी एका मुलाला आडवे टांगले, घासलेली काचेची नळी त्याच्या पायांजवळ धरली, तेव्हा त्याच्या शरीराकडे हलके कण ओढले जाऊ लागले. मानवी शरीर विजेचे वाहक आहे ही गोष्ट येथे प्रथमच इतक्या ठळकपणे समोर आली. टेस्टरच्या पुढील सर्व इतिहासात हे शरीर कुठे ना कुठे उपस्थित आहे.

लंडनच्या स्पिटल स्क्वेअरमधील शाळामास्तर जॉन कँटन यांचे कार्य या संदर्भात सर्वाधिक मोलाचे ठरते. भारित वस्तू एखाद्या वाहकाजवळ आणली असता, स्पर्श न होताही त्या वाहकातील प्रभारांची फेरमांडणी होते, हे त्यांनी १७५३ च्या सुमारास प्रयोगांनी दाखवले. यालाच आज विद्युत् प्रवर्तन म्हणतात. दोऱ्यांना टांगलेल्या, झाडाच्या भेंडाच्या दोन गोळ्या हे त्यांचे उपकरण. लग्नातील बाशिंगे ज्या हलक्या भेंडाची करतात, त्याच जातीचा हा पदार्थ. गोळ्या एकमेकींपासून दूर सरल्या की वीज आहे असे समजावे. वर्क्सवर्थ येथील पाद्री अब्राहम बेनेट यांनी १७८७ साली गोळ्यांच्या जागी सोन्याच्या वर्खाच्या दोन पट्ट्या वापरल्या. त्यामुळे उपकरण पुष्कळच संवेदनक्षम झाले. सुवर्णपत्र विद्युत्‌दर्शक या नावाने ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांत दीर्घकाळ स्थिरावले.

याच दशकांत इशारा देणाऱ्या उपकरणाचाही जन्म झाला. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५२ साली फिलाडेल्फिया येथील आपल्या घरावर लोखंडी सळई उभारली आणि तिला दोन लहान घंटा जोडल्या. एक घंटा सळईशी, दुसरी जमिनीशी जोडलेली आणि मध्ये रेशमी धाग्याला टांगलेला छोटा गोळा. डोक्यावर भारित ढग आला की गोळा दोन्ही घंटांमध्ये आदळू लागे व घंटा वाजत. आजच्या शोधकाचा 'बीप' हा या घंटेचाच वंशज होय. घरात अवेळी वाजणाऱ्या या घंटांमुळे फ्रँकलिन यांच्या पत्नी अस्वस्थ होत असत, अशी नोंद आहे. एकूण इतिहास पाहता त्यांची अस्वस्थता अनाठायी म्हणता येणार नाही.

कारण पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्ग येथे गेओर्ग विल्हेल्म रिखमान यांचा मृत्यू झाला. घरावरील सळईतून खोलीत आणलेल्या धातूच्या पट्टीला त्यांनी तागाचा धागा टांगला होता. धागा पट्टीपासून जितका दूर सरेल, तितकी वीज अधिक. हा कोन मोजण्यासाठी त्यांनी अंशांकित चतुर्थांश वर्तुळ बसवले होते. केवळ आहे-नाही न सांगता मोजमाप करू पाहणाऱ्या आरंभीच्या उपकरणांपैकी हे एक. ६ ऑगस्ट १७५३ रोजी गडगडाट ऐकून रिखमान विज्ञान अकादमीतून लगबगीने घरी आले; प्रयोगाचे चित्र काढता यावे म्हणून सोबत एका उत्कीर्णकासही आणले. धाग्याचे वाचन घेण्यास ते वाकले असता पट्टीतून निघालेला निळसर अग्निगोल त्यांच्या कपाळावर आदळला. त्यांचे सहकारी लोमोनोसोव्ह हेही त्याच वेळी स्वतःच्या घरी असाच प्रयोग करीत होते, ते बचावले. रिखमान यांच्या सळईला जमिनीशी जोडणारा मार्ग नव्हता. तो असता तर धागा हललाच नसता आणि मोजमाप झाले नसते. मोजण्यासाठी दाब टिकवावयाचा आणि जिवासाठी तो जमिनीत सोडावयाचा, असा हा पेच आहे. लाइनमनच्या कामात तो आजही भेटतो.

शरीर हेच उपकरण

अठराव्या शतकाच्या मध्यास लायडन बरणीचा शोध लागला आणि विजेचा धक्का ही अनुभवाची, किंबहुना करमणुकीची बाब बनली. आबे नोले यांनी १७४६ साली फ्रान्सच्या राजासमोर १८० सैनिकांना हातात हात धरून उभे केले व बरणीचा धक्का एकाच वेळी सर्वांतून पार केला. सैनिकांची रांग एकदम उसळली, ही या प्रयोगाची 'नोंद'. उपकरणाची जागा शरीराने घेतली होती.

ही घटना केवळ गमतीची नाही. हेन्री कॅव्हेंडिश यांच्यासारखा काटेकोर प्रयोगकर्ताही विविध द्रावणांच्या वाहकतेची तुलना स्वतःला बसणाऱ्या धक्क्यांवरून करीत असे. त्यांच्या या अप्रकाशित नोंदी जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी संपादित करून १८७९ साली प्रसिद्ध केल्या, तेव्हा कॅव्हेंडिश यांचे निष्कर्ष किती अचूक होते हे पाहून अभ्यासक चकित झाले. योहान गेओर्ग सुल्झर यांनी शिसे व चांदी यांच्या पट्ट्या जिभेवर एकत्र आणल्यास विशिष्ट चव लागते असे १७५२ च्या सुमारास नोंदवले होते. गॅल्व्हानी यांनी १७९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात बेडकाचा पाय याच कामी आलेला दिसतो.

१८०० साली व्होल्टा यांचा विद्युत्‌घट आला आणि १८२० साली विद्युत्‌प्रवाहाने चुंबकसूची वळते हे अर्स्टेड यांनी दाखवले. त्यानंतर गॅल्व्हानोमीटर हे विजेचे मुख्य मापक झाले. हा बदल मूलगामी होता. विद्युत्‌दर्शक दाब ओळखत असे. गॅल्व्हानोमीटर प्रवाह ओळखतो. प्रवाह ओळखावयाचा तर उपकरण मंडलात जोडणे, म्हणजेच धातूचा धातूला स्पर्श होणे अनिवार्य. घर्षणविजेचे दाब हजारो व्होल्टचे असत म्हणून गिल्बर्टची सुई वळे. तारयंत्राच्या घटमालेचा दाब तिच्या दृष्टीने नगण्य होता. स्पर्शविरहित शोधाची परंपरा येथे खंडित झाली. विल्यम थॉमसन, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्व्हिन, यांच्या विद्युत्‌मापकाने अल्प दाबही मोजता येत असे. तथापि ते नाजूक उपकरण मेजावरून हलवणेही जिकिरीचे. खांबावर ते नेणार कोण?

खांबावर माणूस आपले शरीरच नेत होता. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन भागात जॉन फीक्स हा लाइनमन तारांच्या जंजाळात काम करीत असता भर दिवसा, रस्त्यावरील गर्दीच्या डोळ्यांदेखत मरण पावला. तो ज्या तारांवर काम करीत होता त्या कमी दाबाच्या तारयंत्राच्या समजल्या जात. अन्यत्र कोठे तरी त्यांपैकी एका तारेचा उच्च दाबाच्या प्रत्यावर्ती तारेशी संपर्क झाला होता आणि त्याची कल्पना कोणासच नव्हती. त्याचे शव बराच वेळ तारांत अडकून राहिले. एडिसन व वेस्टिंगहाउस यांच्यातील एकदिश व प्रत्यावर्ती प्रवाहाच्या वादात या मृत्यूचा पुष्कळ उपयोग करून घेण्यात आला. शहरातील तारा जमिनीखाली नेण्याच्या मागणीलाही त्यामुळे जोर चढला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा आहे. 'ही तार निर्धोक आहे' हे फीक्सला तारेने सांगितले नव्हते, ते त्याने गृहीत धरले होते. ते पडताळून पाहणारे हाती धरण्याजोगे साधनच त्याच्यापाशी नव्हते.

आश्चर्य असे की यानंतरही शरीराचा उपकरण म्हणून वापर थांबला नाही. टेरेल क्रॉफ्ट यांची अमेरिकन इलेक्ट्रिशियनांसाठीची प्रसिद्ध हस्तपुस्तिका १९१३ पासून निघू लागली. तिच्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आवृत्त्यांत, २५० व्होल्टपर्यंतच्या तारांत वीज आहे की नाही हे बोटांनी स्पर्श करून पाहण्याची रीत आणि घंटा वगैरेंच्या अल्पदाब मंडलांसाठी जिभेने चव घेण्याची रीत या दोन्ही गंभीरपणे नोंदवलेल्या आहेत. त्या लेखनात भीतीचा स्वर नाही, कौशल्याचा आहे. हाताची उलटी बाजू लावून पाहणारा जुना कारागीर आपल्याकडेही अपरिचित नाही.

दिवा, निऑन, विगी आणि मीटर

शरीराऐवजी वापरावयाचे सर्वांत साधे साधन म्हणजे टेस्ट लॅम्प. होल्डरमधील बल्ब आणि त्याच्या दोन मोकळ्या तारा. वायरमन आजही तो वापरतात आणि थ्री-फेजच्या दोन फेजमधील सुमारे ४०० व्होल्टसाठी दोन बल्ब एकापुढे एक जोडून घेतात. टेस्ट लॅम्पचा गुण असा की तो खरोखरीचा प्रवाह घेतो; आभासी दाबाने तो फसत नाही. त्याचा दोषही तितकाच गंभीर आहे. न्यूट्रल कोठे तरी तुटलेला असेल, तर फेज व न्यूट्रल यांना जोडलेला बल्ब लागत नाही; फेज मात्र पूर्ण दाबाने जिवंतच असते. तंतू तुटलेला बल्बही हेच सांगतो. न लागलेल्या दिव्याचे किमान तीन अर्थ संभवतात आणि त्यांपैकी एकच निर्धोक आहे.

निऑन वायूचा शोध रॅम्झी व ट्रॅव्हर्स यांनी १८९८ साली लंडन येथे लावला. जॉर्ज क्लोद यांनी १९१० साली पॅरिसमध्ये निऑनच्या मोठ्या नळ्या प्रदर्शित केल्या. टेस्टरच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम जनरल इलेक्ट्रिकमधील डॅनियल मॅकफार्लन मूर यांचे आहे. त्यांनी १९१७ च्या सुमारास निऑनचा अगदी लहान, अत्यल्प प्रवाहावर तेजाळणारा दिवा तयार केला. साधारणतः ६० ते ९० व्होल्टवर हा दिवा पेटतो आणि मायक्रोअँपिअरच्या प्रवाहावरही मंद प्रकाश देतो. या गुणामुळेच मानवी शरीराला सुरक्षितपणे मंडलाचा भाग करणे शक्य झाले. टेस्टरमध्ये दिव्याच्या जोडीला सुमारे १० लाख ओहमचा रोध असतो. वायरमनचे बोट मागील टोपीवर असते. तारेतून रोध, रोधातून दिवा, दिव्यातून शरीर आणि शरीरातून जमीन असा प्रवास पूर्ण होतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात २३० व्होल्टवर हा प्रवाह मिलिअँपिअरच्या पाचव्या हिश्श्याच्याही आतच राहतो, तो जाणवत नाही.

जाड रबरी तळाचे बूट घालून लाकडी शिडीवर उभा असलेला माणूस घेतला तर चित्र पालटते. आता जमिनीकडे जाणारा मार्ग केवळ शरीर व जमीन यांच्यामधील धारितेचा. ही धारिता १०० पिकोफॅरड धरल्यास ५० हर्ट्झला तिचा अवरोध सुमारे ३.२ कोटी ओहम येतो आणि प्रवाह ७ मायक्रोअँपिअरच्या आसपास उतरतो. दिवा मिणमिणतो, भर उन्हात तो दिसतही नाही. म्हणजे ज्याने काळजीपूर्वक बूट घातले त्यालाच टेस्टर अस्पष्ट उत्तर देतो आणि अनवाणी माणसाला स्पष्ट! शिवाय दांड्यातील रोध निकामी झाला किंवा दांड्यात पाणी शिरले तर उपकरण आणि धोका यांच्यामध्ये काहीच उरत नाही.

अमेरिकेत याच सुमारास निराळी वाट निघाली. जॉर्ज विगिंटन यांच्या नावावरून 'विगी' म्हणून ओळखल्या गेलेल्या परीक्षकात तारेचे वेटोळे असे. दोन टोके दोन तारांना लावली की वेटोळे आतील लोखंडी दांडी ओढून घेई. दाबानुसार दर्शक सरके आणि उपकरण हातात थरथरे. अंधारातही, आवाजातही ही थरथर समजे. इंग्लंडमध्ये टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकाडी यांना प्रवाह, दाब व रोध यांसाठी वेगवेगळी यंत्रे वागवावी लागत. त्यातून १९२३ साली ॲव्होमीटर जन्मास आला. अँपिअर, व्होल्ट व ओहम यांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. आजच्या मल्टिमीटरचा तो पूर्वज.

मल्टिमीटर डिजिटल झाला तेव्हा त्याचा अंतर्गत रोध एक कोटी ओहमपर्यंत वाढला. मोजमाप अचूक झाले, पण एक जुना प्रश्न नव्याने उद्भवला. जिवंत तारेशेजारून जाणारी, दोन्ही टोकांना सुटी असलेली तार केवळ धारितेमुळे काही दाब ग्रहण करते. विगी किंवा टेस्ट लॅम्प जोडताच हा आभासी दाब कोसळतो. डिजिटल मीटर मात्र तो इमानदारीने दाखवतो. त्यामुळे अनेक मीटरांत पुढे कमी रोधाची स्वतंत्र सोय द्यावी लागली. शंभर वर्षांपूर्वीच्या वेटोळ्याचा अवगुण मानला गेलेला 'अधिक प्रवाह खाणे' हा गुण अशा रीतीने परत बोलवावा लागला, हे तंत्रेतिहासाच्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

क्लॅम्प मीटरचा उल्लेखही येथे केला पाहिजे, कारण तोही तारेला स्पर्श न करता चालतो आणि त्यामुळे गैरसमज होतो. तो तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र, म्हणजे प्रवाह मोजतो. पंप बंद असेल तर प्रवाह शून्य. तारेतील दाब मात्र कायम. क्लॅम्प मीटरवरील शून्य हे विद्युत्‌दाबाविषयी काहीही सांगत नाही.

कँटनचे पुनरागमन

२३० व्होल्टच्या तारेजवळ स्पर्शाविना उपकरण नेले असता काय घडते? तार आणि उपकरणाचे टोक यांमध्ये आवरण व हवा यांचा पराविद्युत् थर असतो. त्यामुळे एक लहानसे धारित्र तयार होते. उपकरण धरणारा माणूस आणि जमीन यांमध्ये दुसरे, बरेच मोठे धारित्र असते. ही दोन धारित्रे एकापुढे एक जोडलेली आहेत. पहिल्याची धारिता एक पिकोफॅरड धरली तर ५० हर्ट्झला त्याचा अवरोध सुमारे ३.२ अब्ज ओहम आणि त्यातून वाहणारा प्रवाह जेमतेम ७० नॅनोअँपिअर. निऑन दिवा पेटवण्यास हा पुरेसा नाही. कँटन यांनी गोळ्यांवर पाहिलेले प्रवर्तनच येथे घडत असते; फक्त ते सेकंदात पन्नास वेळा आलटून पालटून होते आणि त्याचे बळ कोणतीही सुई हलवण्याइतके नसते.

उणीव होती ती हा क्षीण संकेत न गिळता वाढवणाऱ्या घटकाची. तो बेल प्रयोगशाळेत अटाला व काँग यांनी १९६० साली सादर केलेल्या मॉस ट्रान्झिस्टरने पुरवला. या ट्रान्झिस्टरचे प्रवेशद्वार काचेसारख्या ऑक्साइडच्या थराने अलग केलेले असते, म्हणून त्यात जवळपास प्रवाह शिरतच नाही. आरसीए कंपनीने १९६८ पासून ४००० क्रमांकाच्या मालिकेतील सीमॉस मंडले बाजारात आणली आणि हा गुण अल्प किमतीत, लहान विद्युत्‌घटावर उपलब्ध झाला. त्याच मालिकेतील ४०१७ क्रमांकाच्या गणकाला तारेचा तुकडा जोडून स्पर्शविरहित शोधक करणे हा पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांचा आवडता प्रकल्प आहे. गिल्बर्टपासून तुटलेला धागा अशा रीतीने सुमारे दीडशे वर्षांच्या खंडानंतर पुन्हा जोडला गेला.

परंतु प्रवर्तनाच्या तत्त्वाबरोबर त्याच्या मर्यादाही परत आल्या आणि त्या नव्या नव्हत्या. मायकेल फॅरडे यांनी १८३६ साली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फूट लांबी-रुंदीची, धातूने मढवलेली खोली उभारली. ती बाहेरून इतकी भारित केली की तिच्या पृष्ठभागावरून ठिणग्या उडत. आत मेणबत्त्या व विद्युत्‌दर्शक घेऊन बसलेल्या फॅरडे यांना विजेची कोणतीही खूण आढळली नाही. लोखंडी नळीतून नेलेली तार किंवा आर्मर्ड केबल ही हीच खोली, फक्त आतले बाहेर केलेली. नळी जमिनीशी जोडलेली असल्याने आतील तारेचे क्षेत्र बाहेर येत नाही आणि शोधक गप्प राहतो. तीन फेज एकाच केबलमध्ये जवळजवळ असतील तर त्यांची क्षेत्रे परस्परांना बऱ्याच अंशी छेदतात. उपकरण धरणारा जमिनीपासून फारच अलग असेल तर दुसरे धारित्र क्षीण होते आणि संकेतही. उलट बाजूने, पूर्वी उल्लेखिलेल्या आभासी दाबावरही शोधक उत्साहाने वाजतो. तारेचा रंग व तिचे काम यांविषयी तो काही सांगत नाही. दाब २३० व्होल्ट आहे की ९०, हेही नाही.

मौनाचा अर्थ

हे सर्व दोष एकाच जागी येऊन मिळतात. उपकरण वाजले तर त्याचा अर्थ बहुधा बरोबर असतो आणि चुकला तरी माणूस अधिक सावध होतो, एवढेच. उपकरण गप्प राहिले तर मात्र त्या मौनाला अनेक अर्थ असतात : तार मृत आहे, धातूची नळी आडवी आली आहे, शिडी लाकडी आहे, घट उतरला आहे, उपकरण बिघडले आहे. विद्युत्‌दर्शकाच्या शास्त्रज्ञाला याची अडचण नव्हती; त्याच्या गोळ्या हलल्या नाहीत तर तो प्रयोग पुन्हा करी. लाइनमनला पुन्हा करण्याची संधी मिळेलच असे नाही.

व्यवहाराने या अडचणीवर काढलेला तोडगा उपकरणात नसून क्रमात आहे. प्रथम उपकरण जिवंत असल्याचे माहीत असलेल्या तारेवर तपासावे, मग कामाची तार तपासावी आणि लगेच पुन्हा पहिल्या तारेवर. मधले मौन दोन्ही बाजूंच्या आवाजांनी तोलले गेले तरच उपकरण बिघडल्याची शंका फिटते. नळी आडवी असल्याची शंका मात्र याने फिटत नाही. त्यासाठी स्पर्श करणारे, दोन टोकांचे साधनच लागते. म्हणूनच अमेरिकेतील 'एनएफपीए ७० ई' हे सुरक्षा-मानक कमी दाबाच्या मंडलांवर प्रत्येक दोन फेजमध्ये तसेच प्रत्येक फेज व जमीन यांमध्ये चाचणीची अपेक्षा करते. जर्मनीतील व्हीडीई नियमांच्या पाच पायऱ्यांत दाब नसल्याची खात्री ही तिसरी पायरी आहे. पुरवठा तोडणे व तो परत जोडला जाणार नाही अशी तजवीज करणे तिच्याआधी येते. तारा जमिनीशी व परस्परांशी जोडणे आणि शेजारील जिवंत भाग झाकणे तिच्यानंतर. उपकरणाच्या साक्षीवर कामाला हात घालू नये, साक्षीनंतर तार जमिनीशी बांधावी आणि मगच हात घालावा, असा या क्रमाचा आशय आहे. रिखमान यांच्या पेचाला व्यवहाराने दिलेले हे उत्तर आहे : आधी मोजणे, मग जमिनीत सोडणे, दोन्ही एकाच वेळी नाही.

महाराष्ट्रातील परिस्थितीत या क्रमाला विशेष महत्त्व आहे. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावली, खोपोलीची जलविद्युत् १९१५ साली मुंबईस पोहोचली आणि १९६० नंतर राज्य विद्युत मंडळाने तारा खेड्यापाड्यांत नेल्या. त्यांबरोबर फेज, न्यूट्रल, अर्थिंग, डीपी हे शब्द मराठीत रुजले. पद्धत मात्र शब्दांइतकी सहज रुजली नाही. ११ हजार व्होल्टच्या वाहिनीवर काम करण्यापूर्वी लाइनमनने परमिट घ्यावे, उपकेंद्रातून पुरवठा बंद झाल्याची खात्री करावी, वाहिनीवर डिस्चार्ज रॉड लावावा, असा नियम आहे. कामाची घाई असली की यांतील शेवटचे काम प्रथम गाळले जाते, कारण ते अवजड आहे आणि बंद वाहिनीवर ते निरर्थक भासते. तथापि उपकेंद्रातून बंद असलेली वाहिनी एखाद्या जनित्रामुळे किंवा चुकीच्या पद्धतीने जोडलेल्या इन्व्हर्टरमुळे उलट दिशेने जिवंत होऊ शकते. रोहित्र दोन्ही बाजूंनी काम करते. घरातील २३० व्होल्ट त्यातून उलटे गेले तर खांबावर हजारो व्होल्ट उभे राहतात. ही फीक्सचीच परिस्थिती आहे : दोष एकीकडे, माणूस दुसरीकडे. डीपीवर स्वतः फ्यूज टाकणाऱ्या शेतकऱ्यापाशी तर परमिट नसते आणि रॉडही नसतो. खिशात फार तर निऑनचा टेस्टर असतो, आणि तो उच्च दाबाच्या बाजूसाठी मुळीच नाही.

उच्च दाबाच्या वाहिन्यांवर धारितेच्या तत्त्वावर चालणारे एकध्रुवी शोधक लांब निरोधक काठीवर बसवून वापरले जातात. त्यांच्यासाठी आयईसी ६१२४३ या आंतरराष्ट्रीय मानकाचा पहिला भाग आहे; कमी दाबाच्या दोन टोकांच्या परीक्षकांसाठी त्याच मानकाचा तिसरा भाग. कँटनचे तत्त्व जेथे क्षेत्र प्रबळ तेथे ग्राह्य आणि जेथे ते क्षीण तेथे दुय्यम, ही विभागणी भौतिकदृष्ट्या योग्यच आहे. बाजारातील विक्रीचा कल मात्र नेमका उलट, घरगुती दाबासाठी स्पर्शविरहित पेन पुढे करणारा.

'वीज नाही' हे सांगण्यासाठीच घडवलेले साधन फार उशिरा आले. 'एनएफपीए ७० ई' च्या २०१८ च्या आवृत्तीने पॅनेलमध्ये कायम बसवलेल्या दाब-अभाव परीक्षकांना मान्यता दिली. असे यंत्र आधी स्वतःला तपासते, आपली टोके तारांना खरोखरीच जोडलेली आहेत याची खात्री करते, दाब पाहते, पुन्हा स्वतःला तपासते आणि सर्व जुळले तरच हिरवा दिवा लावते. शंका असेल तर दिवा लागत नाही. येथे मौनाचा अर्थ प्रथमच उलटला आहे : मौन म्हणजे धोका, दिवा म्हणजे अभय. कारखान्याच्या पॅनेलला हे परवडते; शेताच्या बांधावरील डीपीला ते अद्याप लाभलेले नाही.

दरम्यान, बांधावर नवी वीज आली आहे. सौर कृषिपंपांच्या पट्ट्यांतून येणारा प्रवाह एकदिश असतो. त्याचे क्षेत्र बदलत नाही, म्हणून टोकातील धारित्रातून प्रवाह वाहत नाही, आणि शेकडो व्होल्टच्या जिवंत तारेजवळ धरलेला स्पर्शविरहित शोधक मुकाट राहतो. निऑनचा टेस्टर ओल्या जमिनीवर कदाचित लागेल, तोही दोनांपैकी एकाच ध्रुवाभोवती. ऊन असेपर्यंत पट्ट्या बंदही करता येत नाहीत. अशा तारेवर हात घालण्यापूर्वी एकदिश दाबासाठी योग्य असा दोन टोकांचा मीटर, धातूला धातू लावून, धन व ऋण तारांमध्ये आणि प्रत्येक तार व जमीन यांमध्ये धरावा लागतो.